पाजणारी ती, मग रात्री तीनला मी नक्की काय करू? (फक्त बाबा लोकांसाठी, आयांनी डोकावलं तर चालेल)

अर्धा_जागा (धागाकर्ता)
मुलगा आज नऊ दिवसांचा झाला. पहाटेचे पावणेचार वाजलेत. दोघं आत्ता कुठे झोपलीत आणि मी उभ्याउभ्या हे टाइप करतोय, कारण बसलो की झोपेन आणि तासाभरात परत उठायचंय.

सिझेरियन झालं. दूध चौथ्या दिवशी उतरलं. जन्माचं वजन ३.१० किलो, पाचव्या दिवशी २.८५, काल २.९३. डॉक्टर म्हणाले ठीक चाललंय, पुढच्या आठवड्यात दाखवा. पण पाजताना तिला खूप दुखतं. बाळ तोंडात धरतं तेव्हा ती पायाची बोटं आवळून घेते, मला दिसतं.

आता माझा पराक्रम. मी एक्सेल शीट बनवली. किती वाजता, कुठली बाजू, किती मिनिटं, शू, शी, शीचा रंग (रंगाला ड्रॉपडाउन आहे, हसू नका). काल रात्री ती पाजत होती आणि मी म्हटलं, "उजव्या बाजूला सहाच मिनिटं झालीत." तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, डोळ्यातून पाणी यायला लागलं. बाळाला झोपवल्यावर म्हणाली, "मला घरात हिशेबनीस नकोय."

मदत करायचीय हो. पण दूध काही मला येत नाही. बाकीचे बाप या वेळी काय करतात?

शंखनाद
शीट टाक की इथे. ड्रॉपडाउनमध्ये किती रंग आहेत?

अर्धा_जागा
सात.

शंखनाद
दंडवत घ्या _/\_

दोघींचा_बाबा
शंखनाद, त्याला झोप नाहीये, सोड त्याला.

अर्धा_जागा, मीही यातून दोनदा गेलोय. पहिल्या वेळी तुझ्यासारखंच घड्याळ धरून बसायचो. मिनिटांना तसा काही अर्थ नसतो. काही बाळं दहा मिनिटांत पोट भरून मोकळी होतात, काही चाळीस मिनिटं नुसती चुपचुप करत पडतात. ऐकायचं असेल तर गिळण्याचा आवाज ऐक. दूध उतरलं की एक-दोन चोखण्यांमागे हलकासा 'क्' असा आवाज येतो आणि हनुवटी क्षणभर खाली थांबते. तो आवाज ओळखता आला की घड्याळ लागत नाही.

आता दुखण्याबद्दल, कारण खरी भानगड तिथे आहे. पहिले काही सेकंद ओढल्यासारखं वाटणं वेगळं. पूर्ण वेळ दुखत असेल तर बाळाची पकड बहुतेक उथळ आहे, नुसतं बोंड तोंडात येतंय. आणि इथेच तुझा उपयोग आहे. तिला वरून दिसतं. बाळाचा खालचा ओठ, हनुवटी, हे तिला दिसतच नाही. तुला बाजूला गुडघ्यावर बसलं की सगळं दिसतं.

काय बघायचं: बाळाचं पोट तिच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लागू नये (स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघ, कळेल). सुरुवातीला बोंड बाळाच्या नाकासमोर. मग ते मान मागे टाकून जांभईएवढा मोठा आ करेपर्यंत थांबायचं. ही वाट बघणंच अवघड जातं, कारण बाळ रडत असतं आणि आपला जीव खालीवर होत असतो. आ केला की बाळाला छातीकडे आणायचं. छाती बाळाकडे न्यायला गेलं की बाळंतीण वाकते आणि पाठ जाते. हनुवटी आधी टेकली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसायला हवा, खाली कमी. डोक्यामागून हाताने दाबू मात्र नकोस, बाळ उलट मागे रेटतं. आधार मानेला आणि खांद्यांना.

आणि सोडल्यावर बोंडाचा आकार बघ. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटं झालं असेल तर पकड चुकतेय.

सिझेरियन आहे म्हणजे टाक्यांवर बाळाचं वजन नको. काखेत धरून, पाय तिच्या पाठीकडे, असं बघा करून. किंवा कुशीवर झोपून. आम्हाला काखेतल्या पद्धतीने सुटका मिळाली. टॉवेलची घट्ट वळकटी करून हाताखाली देणं हे माझं काम होतं. महिनाभर त्या टॉवेलने अंग पुसलं नाही कुणी.

शू-शी मोज, अवश्य मोज. पाच दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा ओलं, लघवी फिकट, शी पिवळी झालेली, एवढं असलं की दूध जातंय पोटात. पण आकडे तुझ्या खिशात ठेव. विचारलं तर सांग.

मधली_सुट्टी
आई आहे, डोकावतेय.

माझा नवरा अगदी भला माणूस. तिसऱ्या रात्री मी रडत होते तेव्हा तो म्हणाला, "तू दमलीयेस गं, आजच्या दिवस बाटली देऊया का?" प्रेमानेच म्हणाला. मला ऐकू काय आलं माहितेय? 'तुला जमत नाहीये.' हे मी त्याला सांगितलं दोन वर्षांनी, तोवर त्याच्या गावीही नव्हतं.

तेव्हा मला काय हवं होतं ते सांगते. बसले की पाणी. न विचारता. पाजायला बसलं की दोन मिनिटांत घसा असा कोरडा पडतो की बस, आणि दोन्ही हात अडकलेले. उशी पाठीला. फोन हाताच्या अंतरावर. आणि कुणीतरी बाजूला नुसतं बसलेलं, फोनमध्ये न बघता. पाजून झालं की बाळ घेऊन जा, ढेकर काढ, लंगोट बदल, परत आणू नकोस जोवर ते खरंच मागत नाही. माझ्यासाठी ती मधली चाळीस मिनिटं म्हणजे झोप होती.

अर्धा_जागा, तुझी बायको पायाची बोटं आवळते हे तुला दिसलं. शीटपेक्षा हे मोठं आहे. तिला सांग की दिसलं.

नुसताच_वाचक
+१ मधली_सुट्टी. वाचनखूण साठवली.

कोरा_कागद
मी थोडं उलट लिहिणार आहे, रागावू नका.

आमच्या वेळी मी इतकं वाचलं होतं की घरात आईचं दूध या विषयातला तज्ज्ञ मीच. जन्मानंतर तासाभरात पाजायला सुरुवात, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, पुढे दोन वर्षं आणि त्यानंतरही वरच्या अन्नासोबत. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तोंडपाठ. बायकोला म्हणालो होतो, "बाटली आपल्या घरात येणार नाही." आपल्या घरात! जसं काही मीच पाजणार होतो.

चौथ्या दिवशी मुलीचं वजन १२ टक्क्यांनी उतरलं होतं. ती झोपूनच असायची. मी म्हणत होतो, किती शांत आहे. ती शांत नव्हती, तिच्यात रडायची ताकद नव्हती. कावीळही वाढली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी काढलेलं दूध आणि वरचं दूध सुरू केलं. बायको दर तीन तासांनी पंप करायची, मी वाटी-चमच्याने पाजायचो. अकरा दिवस. मग पकड सुधारली, वरचं हळूहळू सुटलं. पुढे चौदा महिने पाजलं तिने.

तेव्हा सांगायचं असं की पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत सहसा कुणी घाबरत नाही. दहाच्या आसपास गेलं की बाळ आणि पाजणं दोन्ही नीट तपासून घ्यायचं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. आणि बाळ उठवूनही पीत नसेल, सहा-आठ तास लंगोट कोरडा असेल, अंगाला ३८ किंवा वर ताप असेल, तर इथे धागा काढत बसू नका, निघा.

ते 'आपल्या घरात येणार नाही' अजून कानात आहे माझ्या.

दोघींचा_बाबा
कोरा_कागद, हे लिहिलंस ते बरं केलंस. निजलेलं बाळ म्हणजे पोट भरलेलं बाळ, हा गैरसमज फार मोठा आहे. सुरुवातीला २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजलं जायला हवं, झोपलं असेल तर उठवून.

पुरावा_दाखवा
मूळ प्रश्न बापाने काय करावं हा आहे, तर एक नोंद. इटलीत नेपल्समध्ये याच प्रश्नावर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला. २८० जोडपी. सगळ्या आयांना पाजण्याबद्दलचा सल्ला मिळाला. निम्म्या बापांना वेगळं बसवून अडचणी कशा येतात आणि त्यात हातभार कसा लावायचा हे शिकवलं, उरलेल्यांना शिकवलं नाही. सहा महिन्यांनी पूर्ण अंगावर पिणारी बाळं पहिल्या गटात २५ टक्के, दुसऱ्यात १५. शिकवायला किती वेळ लागला असेल? एक बैठक.

का होत असेल याचा अंदाज शरीरशास्त्रात आहे. दूध तयार करणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, ते रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये म्हणतात. पण तयार झालेलं दूध बाहेर ढकलतं ते ऑक्सिटोसिन, त्या ढकलण्याला आपल्याकडे पान्हा फुटणं म्हणतात. वेदना, भीती, कुणीतरी डोक्यावर उभं राहून मिनिटं मोजणं, यांनी पान्हा अडतो. दूध आटत नाही, बाहेर यायचं थांबतं. म्हणजे प्रोलॅक्टिन बापाच्या हातात नाही, पण ऑक्सिटोसिनच्या वाटेत उभं न राहणं आहे. (हिशेबनीस हा शब्द वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे, वहिनींना कळव.)

अवांतर: बापांनीच बापांना सांगायचं ही कल्पना नवी नाही. इंडोनेशियात २०११ मध्ये काही बापांनी ट्विटरवर 'अयाह आसी' सुरू केलं, नावाचा अर्थच मुळी आईच्या दुधाच्या बाजूचे बाबा असा. ऑस्ट्रेलियात कर्टिन विद्यापीठाच्या लोकांनी बापांसाठी 'मिल्क मॅन' नावाचं अॅप काढलं होतं, त्यात बापांनी आपापसात बोलायची सोय. आयांचे असे गट मात्र १९५६ पासून आहेत, ला लेचे लीग तेव्हाची. आपण पन्नासेक वर्षं उशिरा आलो.

अर्धा_जागा
सगळं वाचलं, दोनदा. टॉवेलची वळकटी केली, काखेतली पद्धत करून पाहिली. मी खाली जमिनीवर बसलो होतो, फोनच्या टॉर्चवर रुमाल टाकून. पहिल्या तीन वेळा तो अर्धवट आ करून धरायचा. मी म्हटलं थांब, काढ, परत. तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडवायचं हे तिला नर्सबाईंनी शिकवलं होतं, ते बरं झालं. चौथ्या वेळी त्याने असा आ केला की टाळा दिसला. आणि मग तो आवाज आला. 'क्'. मग परत. मी काहीच बोललो नाही, तीच म्हणाली, "ऐकतोयस?"

दुखणं गेलं नाही, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्मं झालं. डाव्या बाजूला अजून जमत नाहीये.

आता नवीन संकट. संध्याकाळी सहा ते दहा तो दर वीस मिनिटांनी मागतो. माझी आई आलीये, ती म्हणते दूध पुरत नाहीये. बायकोचा चेहरा उतरला.

दोघींचा_बाबा
संध्याकाळचं ते सगळ्यांकडे असतं. बाळं त्या वेळेला थोड्याथोड्या वेळाने लागोपाठ पितात. लंगोट ओले आहेत, वजन वाढतंय, मग दूध पुरतंय. छाती रिकामी होत जाईल तसं दूध जास्त बनतं, बाळ मागणी नोंदवतंय असं समज. दोन-तीन आठवडे, सहा आठवडे, अशा सुमाराला एखाददोन दिवस आणखी जोर येतो.

मधली_सुट्टी
आईशी तू बोल. बायकोला बोलायला लावू नकोस. सासू आणि बाळंतीण यांच्यामध्ये दुधाचा विषय आला की तो दुधाचा राहत नाही.

बिनचहाचा
माझी युक्ती: आईला एक काम दे, खरं काम. ढेकर काढणं दिलं आमच्याकडे. एकदा ढेकर 'तिच्या' झाल्यावर दूध पुरतं की नाही यावरचं लक्ष उडालं.

गोंधळी
आमच्याकडे तिला छातीत गाठ आली होती. गरम पाण्याने शेकून जोरात चोळून दाबून काढली. दोन दिवस मी रोज चोळून द्यायचो. ज्यांना कुणाला होईल त्यांनी तसं करा.

पुरावा_दाखवा
गोंधळी, थांबा. हे जुनं आहे. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते. आता सल्ला बदललाय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ मध्ये नवं मार्गदर्शन काढलं. थंड शेक, अगदी हलका हात, नेहमीसारखं पाजत राहणं, आणि रिकामं करायच्या नादात जादा पंप न करणं.

गोंधळी
आमची गेली ना पण गाठ.

पुरावा_दाखवा
गेली, छान. तिला विचारा चोळताना कसं वाटत होतं.

गोंधळी
विचारलं. विषय बदलतो.

कोरा_कागद
याला जोडून: लाल चट्टा, कडक भाग, थंडी वाजून ३८.५ च्या वर ताप, अंग मोडून येणं, असं झालं तर डॉक्टर. प्रतिजैविक लागलं तरी पाजत राहता येईल असं मिळतं, फक्त पाजतेय हे सांगायचं. आमच्याकडे रात्री दोनला तिला हुडहुडी भरली आणि मी आधी पांघरूण शोधत बसलो. थर्मामीटर हाताशी ठेव, अर्धा_जागा.

पायरीवरचा
बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय.

इथे सगळे पाणी, उशी, टॉवेल लिहितायत, मीही ते सगळं करत होतो. चांगला बाप म्हणून सगळे कौतुक करायचे. पण बाळ तिच्याकडे गेलं की गप्प व्हायचं आणि माझ्याकडे आलं की रडायचं. दुधाचा वास नाही माझ्या अंगाला, दुसरं काय. तरी मला ते लागायचं. लाज वाटते लिहायला, पण मला त्या पोराचा हेवा वाटायचा. आणि मग राग. ऑफिसातून आल्यावर घराचं दार न उघडता जिन्याच्या पायरीवर बसून राहायचो, वीस मिनिटं, अर्धा तास. बाजूला ठेवलेला मोबाइल वाजायचा.

चौथ्या महिन्यात बायकोनेच ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला, बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायची एडिंबरा स्केल. मी म्हटलं हा बायकांचा असतो ना. म्हणाले, भरा. नंतर वाचलं की २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली होती आणि त्यात बाळ होण्याच्या आसपास दहापैकी एका बापाला नैराश्य आढळलं होतं. दहापैकी एक. आमच्या टीममध्ये बारा जण आहेत.

औषधं घेतली सहा महिने, बोलायला जायचो. आता बरा आहे.

एक गोष्ट उपयोगी पडली ती सांगतो. शर्ट काढून, बाळाला फक्त लंगोटावर छातीवर उभं धरायचं, वरून चादर. कांगारू पद्धत. बोगोटामध्ये १९७८ ला कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी सुरू केली, ती बापालाही करता येते. पाजून झाल्यावर, भुकेलेलं असताना नाही, इथेच मी चुकत होतो. भरल्या पोटी तो माझ्यापाशी गप्प राहायला लागला. फक्त सोफ्यावर डुलकी लागत असेल तर बाळ खाली ठेवा आणि मग झोपा, सोफ्यावर छातीवर बाळ घेऊन झोपणं फार धोक्याचं.

मधली_सुट्टी
पायरीवरचा, बरं झालं लिहिलंत.

शंखनाद
मी वर चेष्टा केली होती. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, आणि जिना नव्हता म्हणून मी गाडीत बसायचो. एवढंच.

अर्धा_जागा
सोळावा दिवस. वजन ३.१४. जन्माचं वजन ओलांडलं! डॉक्टर म्हणाले दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं, त्यात बसतंय.

डाव्या बाजूचं कोडं सुटलं. ती त्या बाजूला दुखऱ्या खांद्यामुळे पुढे झुकत होती. तिला सरळ मागे रेलवलं, उशा तीन, आणि बाळाला पोटावर पालथं ठेवलं. त्याने आपलं आपण डोकं आपटत शोधलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

आईला ढेकर दिले. बिनचहाचा, तुमचे पाय कुठे आहेत? काल तीच शेजारच्या बाईंना सांगत होती की संध्याकाळी अशीच पितात मुलं.

शीट अजून आहे. तिनेच काल विचारलं, "आज किती झाले रे ओले?" मी म्हटलं सात. म्हणाली, बरं. तेवढंच.

पायरीवरचा, मला दार उघडायला अजून तरी जड जात नाही, पण गेलं तर इथे लिहीन.

एक प्रश्न. पुढे ती कामावर जाईल तेव्हा काढलेलं दूध किती वेळ ठेवता येतं?

कोरा_कागद
ताजं काढलेलं, खोली २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, दारात नाही. फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम. फ्रीझरमधलं फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांनंतर टाकून द्यायचं, हे टाकताना जीव जातो. मायक्रोवेव्ह नको, आत कुठेतरी चटका बसेल इतकं गरम राहतं. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची. तारीख वेळ लिहून. तुला लिहायला आवडतं, हे काम तुझं.

अर्धा_जागा
ड्रॉपडाउन करू का?

नवाच_आलोय
नमस्कार. हा धागा शोधून सापडला. मुलगी सहा तासांची आहे. छातीतून पिवळट चिकट थेंबभरच येतंय. नर्स म्हणतात चीक आहे, पुरेल. बाहेर सगळे म्हणतायत काहीच येत नाही. खरंच पुरतं का? मी काय करू?

अर्धा_जागा
पुरतं. पहिल्या दिवशी तिचं पोट अगदी एवढंसं असतं, एका वेळी चमचाभरही खूप झालं. चीक घट्ट असतो, तो वाया घालवू नका. मागेल तेव्हा, नाही मागितलं तरी दोन-तीन तासांनी छातीला लावा. दूध दोन ते चार दिवसांत उतरेल.

बाकीचं नंतर वाचा. आत्ता वहिनी कशा बसल्यात? पाठीला काही आहे का? हाताशी पाणी आहे का?

नवाच_आलोय
बघून सांगतो.